तुळशीखालचं पाणी

शिवप्रसादनं गाडीची किल्ली भिंतीत खुपसली आणि जराशी फिरवली. मूठभर गिलावा शहाबादी फरशीवर सांडला.

"बघा काकू," तो हळहळत म्हणाला, "भिंत आतून पार भिजलीय. ह्या पावसाळ्यात अंगावर येतीय बघा. एकट्या ऱ्हायलाव तुमी, मला तर काळजीनं झोप लागंना."

अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. अगदी अस्संच. आल्या आल्या पाया पडणं, मग पेढ्यांचा पुडा, मग किल्ली. थोरल्या बहिणीनं, कलाबाईनं, फोनवर सांगितलं होतं तसंच्या तसं. फक्त कलाबाईनं ते कौतुकानं सांगितलं होतं. "पोटच्या पोरासारखी काळजी करतो गं," म्हणाली होती. हुमनाबादचं तिचं भर रस्त्यावरचं घर त्यानं मातीमोल भावानं घेतलं, नव्या इमारतीत खालची एक खोली मरेपर्यंत देतो असा शब्द दिला, आणि इमारत उभी राहिल्यावर "कुठं लिहिलंय?" म्हणून विचारलं. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत, ऐन मे महिन्यात कलाबाई गेली. शिवप्रसाद मयतीलाही आला नाही.

त्याला दोन वर्षं झाली. घराजवळ, नौबादच्या चौकात 'जुनी घरं रोखीनं घेतो' अशी त्याची पाटी दिसली, तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी नंबर उतरवून घेतला आणि आपण होऊन फोन केला. त्यांना त्याला बुडवायचं होतं. इतकं साधं होतं ते. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही, हेही कळत होतं. पण शोभेचं काय घेऊन बसायचं या वयात!

"ओल येणारच की," त्या म्हणाल्या. "खाली पाणी आहे."

"तेच म्हनायलोय मी."

"वाहतं पाणी आहे रे. उन्हाळ्यात दुपारी तुळशीपाशी कान लावलास तर ऐकू येतंय."

तो हसला. म्हाताऱ्या माणसांना काय काय ऐकू येतं याची त्याला सवय होती. परसात गेला तोही तुळशीला वळसा घालून, जागेची रुंदी पावलांनी मोजत.

"पाण्यावरचं घर म्हणल्यावर भाव उतरणारच, काकू. पाया सगळा नवा घालावा लागंल."

"उतरव की. पण ते कागदावर लिही."

"काय लिहू?"

"खाली पाणी आहे म्हणून भाव कमी केला, असं. उद्या माझे भाचे-पुतणे म्हणायला नकोत, म्हातारीला फसवलं म्हणून."

शिवप्रसादला ही कल्पना फारच आवडली. म्हाताऱ्यांचे भाचे-पुतणे कोर्टात जातात, हाच काय तो त्याच्या धंद्यातला ताप होता. कन्नड भाषेतल्या खरेदीखतात त्यानं वकिलाकडून वाक्य घालून घेतलं: जमिनीखाली पाणी असल्याचं घेणाऱ्यानं स्वतः पाहिलं, तपासलं आणि त्यावरूनच किंमत ठरवली. अन्नपूर्णाबाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, मग सही केली.

नोंदणी कचेरीतून परतताना रिक्षा थांबवून त्या पोस्टात शिरल्या. पिशवीतलं, पुरातत्त्व खात्याला लिहिलेलं पत्र आठवडाभर तयारच होतं. नौबादच्या पोटातून जुन्या राजवटीत खणलेला पाण्याचा बोगदा जातो. सुरंग बावी म्हणतात त्याला. आसपासच्या शेतांत त्याची तोंडं सापडली तशी सरकारनं तिथं कुंपणं घातली होती, आता जवळपास कुदळ मारू देत नव्हते. त्यातलं एक तोंड आपल्या परसात आहे, हे घर बांधतानाच यजमानांना, अच्युतरावांना कळलं होतं. त्यांनी गुपचूप जाड फरशी टाकून वर वृंदावन उभारलं. त्यांच्यामागं ही गोष्ट बाईंना एकटीलाच ठाऊक होती. असलं घर कुणाच्या गळ्यात कसं मारायचं, म्हणून त्या इतकी वर्षं ओलीत राहिल्या. आता पत्रात त्यांनी तुळशीची जागा नकाशा काढून दाखवली होती. भूगोलाच्या बाई होत्या, उत्तर दिशेचा बाणही विसरल्या नव्हत्या.

तिसऱ्या आठवड्यात पाडकामाला जेसीबी आला आणि त्याच्या मागोमाग सरकारी जीप. वृंदावन अलगद बाजूला ठेवलं, फरशी उचलली, आणि खोल अंधारात पाणी चमकलं. काम थांबलं ते थांबलंच.

शिवप्रसाद आला तेव्हा बाई दोन गल्ल्या पलीकडं, जुनी विद्यार्थिनी नेत्रा हिच्या घरी, माडीवरच्या भाड्याच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. या वेळी तो पाया पडला नाही.

"काकू, तुमी मला सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं की. तू तर लिहूनसुद्धा दिलंस."

"माझं सगळं अडकलंय त्यात. भागीदार सोडून जायलेत. वकील म्हनायलाय, त्या एका वाक्यापायी काहीच करता येत न्हाई." त्याचा आवाज चिरकला. "मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

याच प्रश्नाची बाई वाट पाहत होत्या. त्यांनी फळीवरची तसबीर उतरवून त्याच्या हातात दिली. इरकली लुगड्यातली, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, हसरी कलाबाई. तिला ओळखताना त्याचा चेहरा कसा पडतो, ते बाईंना डोळे भरून पाहायचं होतं.

शिवप्रसादनं तसबीर जवळ घेतली, मग लांब धरली. चेहरा पडला नाही. तो नुसता आठवत राहिला.

"चिंताकीच्या यल्लम्मा का?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग दुबलगुंडीच्या चंद्रभागाबाई... न्हाई, त्या उंच होत्या." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "रामराव मास्तरांच्या मंडळी? भालकीच्या? त्याबी न्हाई व्हय?"

दोन वर्षं जपलेला राग एका बहिणीपुरता होता. तो फारच तोकडा पडला, असं बाईंना वाटलं. तांदळाचं ताट त्यांनी बाजूला सारलं. ट्रंकेवरचं पत्रांचं पॅड ओढून घेतलं, पेनाचं टोपण काढलं, आणि वर्गात हजेरी घ्यायला बसत तशा ताठ बसल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "एकेक नाव सांग. लिहून घेते."