डब्यातलं कार्ड

देझ्यो गेला त्याला नऊ दिवस झाले होते आणि पिरोश्काच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शुक्रवारी दफनभूमीत अस्थिकलश ठेवायचा होता. तिथे संगीतकार केरेचेन्यींचं तिसरं चतुष्क, चार तंतुवाद्यांची रचना, लावायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. केरेचेन्यींनी ते या दोघांच्याच वादक-चौकडीसाठी लिहिलं होतं. देझ्यो पहिल्या व्हायोलिनवर, ती चेलोवर. बेचाळीस वर्षं नवरा-बायको समोरासमोर बसून वाजवत आणि भांडत आले. निदान ते ऐकून तरी आपल्याला काहीतरी वाटेल, अशी तिची अंधुक आशा होती.

घरातली तबकडी नुसती खरखरत होती. दुकानदारानं एका नामांकित परदेशी चौकडीची सीडी गळ्यात मारली. सगळे सूर जागच्या जागी, पण पाठीमागे कुणी लागल्यासारखी घाई. पिरोश्कानं ती शेवटपर्यंत ऐकली, कारण उठून बंद करायचंही जिवावर आलं होतं.

राहता राहिलं त्यांच्याच चौकडीनं रेडिओसाठी एकोणऐंशी साली केलेलं ध्वनिमुद्रण. रेडिओच्या संग्रहात लोरांत कामाला होता, तिचा जुना विद्यार्थी. चेलो जेमतेम वाजवायचा, पण कानाचा तिखट.

"या पिरीकाकू. आधी पोगाचा खा, आईनं केल्यात."

"तुझी आई अजून मीठ जास्तच घालते?"

"तुम्हीच सांगा."

तिनं छोट्या पावासारखी ती खारी पोगाचा अर्धी खाल्ली. मीठ कळलंच नाही, लाकूड चावल्यासारखं वाटलं.

"जुन्या टेपा साफ करतोय ना, महिनाभर खपलोय यावर," लोरांतनं ध्वनिमुद्रण सुरू केलं. "इतकं स्वच्छ या इमारतीत दुसरं नाही."

खरंच स्वच्छ होतं. तिसरा, संथ भाग आला. त्यात वादन थांबतं, लांब शांतता पसरते आणि मग पहिल्या व्हायोलिनच्या श्वासाच्या इशाऱ्यावर चौघं एकदम सुरू होतात. शांतता आली. पिरोश्का थांबली. मग अचानक सूर सुरू झाले आणि तिचा हात मांडीवरच राहिला.

"त्याचा श्वास कुठाय?"

"काढला ना!" लोरांत खूश होता. "सगळे काढले. सव्वीस होते."

"हा शहाणपणा कुणी सांगितला तुला?"

लोरांतनं टेपचा डबा आणला. ध्वनिमुद्रण झालं की वादकांनी आपल्या तक्रारी डब्यातल्या कार्डावर लिहायच्या, ही इथली जुनी रीत. तेव्हा जमलं नाही ते पुढे कधीतरी कुणीतरी निस्तरायचं. कार्डावर तिचंच तिरकं अक्षर होतं: 'पहिला व्हायोलिनवाला सुरू करताना घोड्यासारखा फुरफुरतो. शक्य तेवढं काढून टाकावं.' खाली देझ्योनं पेन्सिलीनं खरडलं होतं: 'चेलोवालीची भुणभुणही काढावी.'

"ती टेपवर नव्हती काकू," लोरांत हळूच म्हणाला. "नाहीतर तीही काढली असती."

तिला हसू आलं नाही. तिनं कार्ड दोनदा वाचलं आणि परत ठेवलं.

"काढलेलं फेकून दिलंस?"

"छे, ते वेगळं ठेवायचा नियमच आहे. परत जोडून देतो, पाच मिनिटांचं काम."

"आधी नुसतं काढलेलं लाव."

बराच वेळ काही नव्हतं. मग खुर्ची करकरली आणि देझ्योनं नाकातून श्वास घेतला. पुन्हा शांतता, पुन्हा श्वास. व्हायोलिन नाही, चेलो नाही, नुसता देझ्यो. लोरांत चुळबुळत होता. पिरोश्का हलली नाही.

सव्विसाव्या श्वासाला तिचा उजवा हात आपसूक वर गेला, गज तारेवर टेकवायला. बेचाळीस वर्षं तो त्याच श्वासावर उठत आला होता. पुढे काहीच वाजलं नाही. हात तसाच अधांतरी राहिला, आणि देझ्यो आता नाही हे तिला नऊ दिवसांत पहिल्यांदा कळलं.

ती रडली, चांगली हमसून रडली. लोरांतनं पाणी आणलं, ते तिनं बाजूला सारलं आणि उरलेली पोगाचा तोंडात टाकली.

"मीठ जास्तच घालते रे तुझी आई," ती म्हणाली.