चहापुरता वेळ

देवाजींचा जुनाट विंडोज कॉम्प्युटर कायमचा बसला, आणि लग्नपत्रिका तयार करायचं त्यांचं मराठी सॉफ्टवेअरही अडकलं. मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरीला असलेल्या रोशनीने बापाला आपला लॅपटॉप दिला. त्यावर होतं लिनक्स, विंडोजचं सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाही. पण दुभाष्यासारखा मधे बसणारा एक प्रोग्राम टाकून तिने विंडोजचं ते सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. तेच फॉन्ट, त्याच पिंपळपानांच्या चौकटी, आणि बोट लावताच उघडणारं.

"घ्या बाबा. आता वाट पाहाचं काम नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाई नेहमीसारखा दोघांचा चहा घेऊन आल्या, तर नवरा आधीच कामाला लागलेला. त्याचा कप टेबलावर ठेवून त्या आपला कप घेऊन आत गेल्या. मग रोजच तसं होऊ लागलं.

रविवारी देवाजी लेकीवर उखडले. "काय करून ठेवलं वं हे?"

"काहून? चालून नाही राहिलं?"

"धावून राहिलं! पयले हे उघडेपर्यंत तुझी माय माझ्यापाशी चहा पेत बसे. याले हळू कर."