बिनकल्हईचा तांब्या

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही या. एका कल्हईवाल्याची आणि त्याच्या लेकीची गोष्ट सांगायची आहे. ऐकून झाली की तुमच्याकडे एक मागणं मागेन. फार मोठं नाही.

कापडाच्या जुन्या गोदामावर एक लांबलचक खोली होती. दर रविवारी सकाळी तिथे मुंगी शिरायला जागा उरत नसे. जिन्यावर चपलांचा ढीग, खिडकीत लटकलेली माणसं, आणि पुढे चौरंगावर निळे महाराज. रोग्याने घरून बाटलीत आणलेलं पाणी महाराज काचेच्या पेल्यात ओतायचे. पाणी साधंच दिसे. मग हातातला ओला रुमाल दोन बोटांनी त्यात पिळायचे, डोळे मिटायचे, आणि बघता बघता पेला मोराच्या मानेसारखा निळा व्हायचा. खोलीभर 'अहाहा' उठे.

"बघा, विष वर आलं," महाराज म्हणायचे. "डॉक्टर सुया टोचून रक्त काढतात. आम्ही न टोचता रोग काढतो. वर पावतीही फाडत नाही."

लोक हसायचे. हसलेला माणूस अर्धा पटलेलाच असतो.

त्या गर्दीत पहिल्या रांगेत कल्हईवाला बसे, मांडीवर बारा वर्षांची पोर घेऊन. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती लहानपणी एका जागी ठरत नसे. आता मात्र तिचे हात बसल्याजागी कापत. आधी अक्षर वाकडं झालं, मग घास तोंडापर्यंत जाईना, मग डोळे पिवळे पडले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, लघवी तपासायला मोठ्या शहरात पाठवली आणि सांगितलं की उत्तर यायला तीन आठवडे लागतील, तोवर पोरीला जपा. तीन आठवडे नुसतं जपायचं म्हणजे काय, हे बापाला कळेना. शेजारीण म्हणाली, महाराजांना दाखवायला काय जातंय?

महाराजांनी पोरीची हनुवटी वर केली आणि दचकल्यासारखं केलं. तिच्या बुबुळांभोवती सोनेरी-तपकिरी कडं होतं. "अरे, हिला रोग कुठला! देवाने डोळ्यांत सोन्याची कडी घातलीत. अंगात शक्ती मावत नाही म्हणून हात थरथरतात." त्या दिवसापासून लोक भिंगरीच्याच पाया पडू लागले. ती बिचारी लाजून पाय आखडून घ्यायची.

उपाय सगळ्यांना एकच. तांब्याच्या तांब्यात लिंबू पिळून पाणी रात्रभर ठेवायचं आणि दिवसातून तीनदा पाजायचं; रविवारी त्यातलंच बाटलीत भरून आणायचं. आणि भांडं शुद्ध हवं. "आत कल्हई नको. कल्हई म्हणजे तांब्याच्या तेजावर पडदा."

इथे जरा थांबा. हा माणूस तीस वर्षं रस्त्याच्या कडेला भाता मारत आला होता. तांबं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथील फिरवून कापसाने पुसायचं. कशासाठी? तर आंबट लागलं की तांबं कळकतं, त्याचा हिरवट कळक अन्नात उतरतो आणि खाल्लेलं बाधतं. हे त्याने हजार बायकांना बजावलं होतं. त्याच माणसाने त्या संध्याकाळी स्वतःच्या घरचा तांब्या घेतला, स्वतःच लावलेली कल्हई वाळूने घासघासून काढली आणि आत लखलखीत तांबं उघडं केलं. हात थांबला नाही असं नाही. थांबला. पण पोर समोर कापत बसली होती.

चौथ्या दिवशी भिंगरी म्हणाली, "बाबा, ह्याला कल्हई कर ना. पाणी कळकलंय."

"गप पी. तुला जास्त कळतं का महाराजांपेक्षा?"

ती प्याली. कल्हईवाल्याच्या घरची लेक होती, तिला कळत होतं. पण बापाने दिलेलं होतं.

दवाखान्यातून दोनदा निरोप आला, तपासणीचं उत्तर आलंय, लगेच या. बाप म्हणाला, रविवारचा पेला अजून निळा होतोय, विष सगळं निघू दे, मग जाऊ. सहाव्या आठवड्यात पोरीचं पोट फुगलं आणि ती झोपेतून नीट जागी होईना. तेव्हा तिला उचलून धावला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागवायची वेळ निघून गेली होती. त्यांनी त्याला बाकावर बसवलं.

"दादा, तुमचा भाता बंद ठेवला तर निखारा फुलतो का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"लिव्हरच्या प्रत्येक पेशीत असेच भाते असतात. एटीपी म्हणून एक बारीकसा पदार्थ असतो, त्यात जोर साठवलेला. पेशीतली काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तो फोडतात आणि त्या जोरावर कामं करतात. त्यातल्या एकाचं काम म्हणजे अन्नातून आलेलं जास्तीचं तांबं ढकलून पित्तात टाकणं, म्हणजे ते शौचावाटे निघून जातं. हिचं तेवढं एक विकर जन्मापासून बिघडलेलं आहे. एटीपी आहे, तांबं आहे, ढकलणारा नाही. मग ते लिव्हरमध्ये साठलं, मेंदूत गेलं, डोळ्यांत उतरलं."

"डोळ्यांतलं ते सोनं..."

"तांबं आहे."

जन्मभर तांब्यात हात घातलेल्या माणसाला लेकीच्या डोळ्यांतलं तांबं ओळखू आलं नव्हतं.

"लवकर आलं की औषधं असतात हो," बाई हळू म्हणाल्या. "तांबं बाहेर काढणारी. आत्ताही देतेय. पण लिव्हर फार गेलंय. तिला पाणी कसलं पाजत होता?"

त्याने सांगितलं. "म्हणजे जे अंगातून निघत नव्हतं, तेच रोज आत जात होतं," बाई म्हणाल्या आणि औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

रविवारी तो गोदामावर गेला, तोच तांब्या घेऊन. गर्दीत शिरताना महाराजांच्या रुमालाचा वास नाकात भरला. अत्तराखाली नवसागराचा उग्र दर्प. इतके आठवडे पहिल्या रांगेत बसून त्याला वाटे, हा वास आपल्याच अंगाचा; दवाखान्यातून आल्यावर मात्र तो कुठला ते उमगलं होतं. त्याने खिशातली बाटली काढली. नवसागर आणि चुना पाण्यात कालवून वर निवळलेलं पाणी, भात्याजवळ बसून केलेलं. तांब्यातलं लिंबूपाणी पेल्यात ओतलं, बाटली वाकडी केली. पेला निळा झाला, महाराजांच्यापेक्षा गडद.

"हे विष रोग्याच्या अंगातलं नाही. भांड्यातलं तांबं आहे. लिंबाने पाण्यात उतरतं आणि या नवसागराच्या पाण्याने निळं होतं," तो म्हणाला. "कल्हईच्या भांड्यातलं पाणी आणा, तुमच्या महाराजांना निळं करून दाखवू द्या."

महाराज म्हणाले, श्रद्धा नसली की पाणी रुसतं. काही उठून गेले. काही म्हणाले, याचा निळा वेगळा, महाराजांचा वेगळा. शेजारणीने तोंडाला पदर लावला. पुढच्या रविवारी खोलीला कुलूप होतं. महाराज दुसऱ्या कुठल्या गावी निळे होत असतील.

भिंगरी त्यानंतर अकरा दिवस होती. शेवटी शेवटी तिचे हातही कापेनासे झाले. बाप उशाशी बसून ते हातात धरून ठेवी, जणू आता तरी थरथरावेत.

बाईंनी भिंगरीच्या धाकट्या बहिणीचं रक्त तपासायला लावलं. तिचंही तेच निघालं. तिला अजून काही झालं नव्हतं. आज ती रोज गोळी घेते, शाळेत जाते, दोरीवरच्या उड्या मारते. त्यांच्या घरात आता सगळी भांडी स्टीलची आहेत.

देव मानणाऱ्यांनी खुशाल मानावा, मीही मानतो. पण माझा देव ओल्या रुमालात राहत नाही, आणि आपल्या हाताला जे ठाऊक आहे ते विसरा, असं तो कधी सांगत नाही. कुणी सांगितलंच, तर आधी विचारा, वास घ्या, भांडं बदलून बघा, आणि आजाऱ्याला दवाखान्यात न्या.

आता माझं मागणं. घरातलं लहान पोर कधी म्हणालं की पाणी कळकलंय, तर त्याला गप करू नका. पेला खाली ठेवा, आणि क्षणभर त्या भिंगरीची आठवण काढा.