चौकटीबाहेरची आक्का

हल्ली आपल्या घरोघरी फोटोंचा नुसता सुकाळ आहे, पण ते बघायला सवड कुणाला? फूटपट्टीकाकांचं मात्र तसं नव्हतं. चाळीस वर्षं इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ! कचेरीतल्यांनी त्यांना हे नाव उगीच ठेवलं नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तरी यांच्या घशाखाली घास उतरत नसे. कॉम्प्युटरमध्ये आयताच आलेला फोटोंचा प्रोग्रॅम त्यांनी कामापुरता शिकून घेतला होता. अठरा वर्षांचे नऊ हजार फोटो त्यांनी वर्षवार लावले होते आणि सरळ करून, उजळून, कडा कापून अगदी नेटके केले होते.

आणि त्या नऊ हजारांत आक्काचा एकही फोटो सापडेना!

आक्का त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा स्वतःच्या लग्नाचा विचार सोडून तिने धाकट्याला वाढवलं, शिकवलं आणि पुढे जन्मभर त्याच्याच संसारात राबली. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. अजूनही स्वयंपाकघरात भांडं पडलं की "लागलं का गं आक्का?" असं काकांच्या तोंडून निघून जाई. पण परवा दाढी करताना ते एकदम थबकले. आक्काच्या भुवया कशा होत्या, तेच आठवेना. तिचा चेहरा हातातून निसटत चालला होता, आणि त्या भीतीने त्यांना काही सुचेना.

प्रोग्रॅमने चेहरे ओळखून माणसांचे गट पाडले होते. काकांचा होता, काकूंचा होता, मुलाचा होता, इतकंच काय, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचाही होता! आक्काचा तेवढा नव्हता.

"तिचा फोटो कुणी काढलाच नसेल का गं?" त्यांनी सुनेला विचारलं. सून शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. बोलायला मऊ, पण खरं सांगताना कचरायची नाही.

तिने काकांच्या मुलाच्या पदवीदानाचा फोटो उघडला. "बाबा, हा इतका अरुंद का?"

"कडेला पसारा होता. कापला."

"कापलेलं जात नाही हो. मूळ फोटो आत तसाच राहतो." तिने 'मूळ फोटो परत आणा' हे बटण दाबलं.

फोटो रुंद झाला. डाव्या कडेला, सगळ्यांच्या पिशव्या दोन्ही खांद्यांना अडकवून आक्का उभी होती!

काकांनी माऊस हिसकावूनच घेतला. दुसरा फोटो, तिसरा, दहावा. वाढदिवसाच्या ताटल्या गोळा करणारी आक्का. नातीच्या बुटाची नाडी बांधणारी आक्का. भुवया जाड होत्या तिच्या, मध्ये जवळजवळ जुळलेल्या.

"पसारा म्हणून कापलं मी तिला!" काकांना हुंदका आवरेना.

"तुम्ही एकट्यानेच नाही, बाबा," सून म्हणाली. "राबणारं माणूस नेहमी कडेलाच सापडतं, आणि आपल्याला फोटो नेटका हवा असतो. 'तुम्ही उभे राहा, मी काढते' म्हणणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. आपणही लगेच उभे राहतो! हात धरून त्यांना मध्ये कोण आणतं?"

संध्याकाळपर्यंत त्र्याऐंशी फोटो निघाले. काका एकेक डोळे भरून बघत राहिले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, एकाही फोटोत आक्का कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कशी बघणार? तिला कुणी तसं म्हटलंच नव्हतं.

ते तसेच मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले. काकू ओटा पुसत होत्या.

"अगं, इकडे बघ."

"इश्श, माझा कशाला? अवतार बघा माझा! थांबा, सूनबाईला बोलावते, तुमच्या दोघांचा मी काढते."

"नाही! आधी तुझा. इकडे बघ म्हणतो ना!"

काकूंनी ओल्या हातानेच केस सारखे केले आणि वर बघितलं. मागचं कॅलेंडर तिरकं आलं होतं. काकांनी फोटो तसाच ठेवला.

वाचकहो, आपल्या घरातही कडेला उभं असलेलं कुणीतरी असेल. आजच त्यांना हाक मारा, मध्ये घ्या, इकडे बघ म्हणा. मूळ फोटो परत आणता येतो, माणूस नाही.