रेडिओच्या घड्याळात दहा

गावातले सरकारी रेडिओ केंद्र बंद करण्याचा विचार आहे, ही बातमी गावाला त्या केंद्रावरूनच कळली. ज्या संथ, स्वच्छ आवाजात रोज उद्याचे हवामान सांगितले जाई, त्याच आवाजात ती सांगितली गेली. तो आवाज ज्या निवेदिकेचा, तिला लहानथोर सगळेच ताई म्हणत. केंद्राला आता श्रोते उरले नाहीत, असे वरिष्ठांचे मत असल्याचे ताईंनी वाचले. वाचताना आवाज तसूभरही हलला नाही. मग त्या म्हणाल्या, “आता एक गाणं. जे ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी.”

घड्याळजींच्या हातातला चिमटा तिथेच थांबला.

या घड्याळजींना गाव ‘बिनचूक मामा’ म्हणे. नावात निम्मा आदर होता आणि निम्मी थट्टा; मामांनी आदराचा अर्धा भाग स्वीकारून बाकीचा गावाला परत केला होता. त्यांच्या दुकानात भिंतभर घड्याळे होती आणि ती सगळी एकच वेळ दाखवत. दोन घड्याळांत फरक दिसला तर मामांना घास गोड लागत नसे. अशा माणसाच्या नशिबी असे गाव यावे, की ज्याची वेळ सात मिनिटे मागे!

दोष रेडिओचा होता. केंद्रातले भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ पाहून ताई वेळ सांगत, आणि ते घड्याळ दर सोमवारी कारखान्याच्या भोंग्यावर लावले जाई. कारखान्यातला पहारेकरी भोंगा कशावर वाजवी, तर रेडिओवर. अशी ही चूक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून वर्षानुवर्षे फिरत होती. शाळेची घंटा, बसचे सुटणे, बेकरीची भट्टी, सगळे त्याच वेळेवर चाले. खिशाखिशांत मोबाइल आले आणि त्यांत खरी वेळ दिसू लागली, तेव्हा मामांना वाटले की आता सत्याचा जय झाला. पण लोकांनी मोबाइलची वेळ बाहेरगावच्या कामांसाठी ठेवली आणि गावात रेडिओचीच चालू राहिली.

मामा रोज सकाळी बातम्या संपल्या की केंद्राला फोन करत आणि घड्याळ सात मिनिटे मागे असल्याचे कळवत. ताई रोज तेच उत्तर देत, “नोंद घेतली, मामा. उद्या परत करा.” त्यात उपहास किती आणि जिव्हाळा किती, याचा हिशेब मामांना कधी लागला नव्हता. शिवाय महिन्याकाठी एक लेखी तक्रार ते थेट वरिष्ठांकडे पाठवत.

घरातही हेच युद्ध. दुकान पुढे, स्वयंपाकघर मागे, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे मामांची वेळ, पलीकडे रेडिओची. मामी स्वयंपाकघरात रेडिओ लावून असत आणि त्याच्या बाराला ताट वाढत. लग्न झाल्यापासून मामा रोज सात मिनिटे उपाशी बसत आले होते.

त्यामुळे बातमी ऐकून समोरचा केशकर्तनवाला हात पुसत दुकानात आला, तो अभिनंदन करण्याच्याच बेताने. “मामा, तुमची मज्जा झाली,” तो म्हणाला. “आता घड्याळच जाणार. ना रेडिओ, ना चूक.”

मामांनी डोळ्यावरचे भिंग काढले. “घड्याळ मागे पडतं म्हणून घड्याळजीकडे नेतात,” ते म्हणाले. “भंगारात नाही घालत. आणि ऐकणारं कुणी नाही म्हणजे काय? मी काय भिंतीशी भांडत होतो इतकी वर्षं?”

मामांना स्वतःच्याच आवाजाची धार नवी वाटली. आपण ज्याच्याशी रोज भांडतो, ते नाहीसे होणार ही कल्पना त्यांना भांडणात हरण्यापेक्षा अधिक अपमानास्पद वाटत होती.

पुढचे काही दिवस गावात दुसरा विषय नव्हता. बेकरीवाल्याने जाहीर केले की त्याचे पीठ सकाळच्या भजनांवर फुगते आणि ते बंद झाले तर गावाने चपटे पाव खायची तयारी ठेवावी. शाळेच्या निवृत्त हेडबाई म्हणाल्या की आपण एकट्या राहतो ही गोष्ट आपल्याला रेडिओ बंद असल्यावरच कळते, आणि ती कळून घ्यायची आपली इच्छा नाही. इस्त्रीवालीने विचारले, की मोजायला आले कोण? तिच्या टपरीत दिवसभर रेडिओ चालतो, पण आजवर कुणी डोकावून बघितले नाही. या प्रश्नाचे उत्तर यथावकाश कळले. मोजणी मोबाइलवर झाली होती. जे मोबाइलवर केंद्र ऐकत, तेवढेच श्रोते. फळीवरच्या आणि खिडकीतल्या रेडिओंपुढचे सारे गाव त्या हिशेबात हवेत विरून गेले होते.

मग एक सूचना आली. बंद करण्यापूर्वी हरकती ऐकण्याची पद्धत असल्यामुळे शुक्रवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या वरच्या सभागृहात सुनावणी होईल. निदान पंचवीस हरकतदार सभागृहात प्रत्यक्ष हजर हवेत; नसल्यास कुणाची हरकत नाही असे समजून केंद्र बंद करण्यात येईल. ही सूचना ना वाचनालयाच्या फळ्यावर लागली, ना कुठे छापून आली. नियमाप्रमाणे ती केंद्रावरून प्रसारित केली गेली. ताईंनी ती आठवडाभर रोज वाचली आणि वाचून झाल्यावर तेच गाणे लावले.

शुक्रवारी मामा दहाला पाच मिनिटे असताना सभागृहात पोहोचले. जिना अर्धा चढून झाल्यावर त्यांना उगाच वाटले की आपण काहीतरी विसरलो आहोत. चष्मा होता, रुमाल होता, भाषणाचे मुद्दे तोंडपाठ होते. ते पुढे गेले.

सभागृहात लाकडी खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि त्या सगळ्या रिकाम्या होत्या. समोरच्या टेबलाशी सुनावणीसाठी आलेले अधिकारी बसले होते. शेजारी त्यांचा कारकून. दोघे मागच्या फाटकातून गाडीने आले होते. अधिकाऱ्यांचा चेहरा शांत आणि सभ्य होता. ज्याचा निकाल आपल्याला आधीच ठाऊक आहे, अशा कामाला आलेल्या माणसाचा असतो तसा. मामांचे नाव ऐकताच ते प्रसन्न झाले.

“म्हणजे त्या तक्रारी तुमच्या,” ते म्हणाले. “सगळ्या आमच्या फाइलीत आहेत. केंद्राची वेळसुद्धा विश्वासार्ह नाही, हा मुद्दा आम्ही तुमच्याच पत्रांवरून घेतलाय.”

मामा खाली बसले. आपल्या बिनचूक अक्षरातल्या पत्रांचा असा उपयोग झाला असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. आपण हरकत घ्यायला आलो आहोत, असे त्यांनी ठासून सांगितले. कारकुनाने हरकतदार म्हणून त्यांची एकट्याची नोंद केली. मामांनीच लावून दिलेल्या भिंतीवरच्या आणि त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात एकदमच दहा वाजले. कोणी आले नाही.

गाव आले नाही, याचा अर्थ काय लावायचा? एवढी बडबड करून ऐन वेळी सगळे घरी बसले? मामांचा संताप खुर्च्यांच्या रांगांवरून फिरत खिडकीपाशी गेला, आणि तिथून त्यांनी खाली पाहिले.

गाव आले होते. सगळे गाव खाली रस्त्यावर उभे होते. केशकर्तनवाल्याने आपला रेडिओ वाचनालयाच्या दाराशी स्टुलावर आणून ठेवला होता आणि त्याच्याभोवती बेकरीवाला, हेडबाई, इस्त्रीवाली, कारखान्याच्या दुसऱ्या पाळीचे कामगार, मांडीवर मुले घेऊन पायरीवर बसलेल्या बायका, असे सगळे शांतपणे गाणे ऐकत होते. मामीही होत्या. कुणाला घाई नव्हती, कारण दहा वाजायला अजून सात मिनिटे होती.

ज्या चुकीचा पाठपुरावा मामांनी आयुष्यभर केला, तिचा आज, नेमका आजच, त्यांना विसर पडला होता. लोक त्या वेळेवर जगतात, यावर त्यांचा मनातून कधी विश्वासच बसला नव्हता.

त्यांनी अधिकाऱ्यांना खिडकीपाशी बोलावले. अधिकाऱ्यांनी खाली पाहिले आणि सौम्यपणे सांगितले, की रस्त्यावर माणसे असतातच. नियम सभागृहात हजर असलेल्यांविषयी आहे. फार तर रिवाजाप्रमाणे पाच मिनिटे थांबता येईल.

मामांनी खिडकीबाहेर अर्धे अंग काढले. “अरे, वर या सगळे! दहा वाजून गेले!”

रस्त्यावरून हसण्याची एक मोठी लाट वर आली. हे वाक्य गावाने मामांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले होते, की ते आता सगळ्यांना नमस्कारासारखे वाटे. केशकर्तनवाल्याने कपाळावर हात धरून वर पाहिले. “आहेत अजून मिनिटं, मामा. ताई सांगतील तेव्हा येतो.”

“अगं, तू तरी ये,” मामा मामींना म्हणाले, आणि त्यांचा स्वर विनवणीचा झाला.

“अहो, तुमचं नेहमी पुढेच असतं,” मामी खालून म्हणाल्या. “गाणं तर संपू दे.”

आणखी काय करावे, हे मामांना सुचेना. इतकी वर्षे खरे बोलून बोलून त्यांनी आपले खरे बोलणे निकामी करून ठेवले होते. जिन्याकडे धावावे तर गुडघे साथ देणारे नव्हते. पाच मिनिटे संपली. अधिकाऱ्यांनी कारकुनाला मजकूर सांगितला: ठरल्या वेळी एकच हरकतदार हजर, सबब हरकत नाही. कारकून लिहू लागला. अधिकाऱ्यांनी पेनाचे टोपण काढले.

तेवढ्यात खालून गाण्याचा शेवटचा सूर आला आणि मागोमाग ताईंचा आवाज, खिडकीतून स्पष्ट ऐकू येणारा. “आमच्या घड्याळात आता दहा वाजले आहेत.”

मग जिना वाजू लागला. एकाच वेळी इतकी पावले त्या जिन्यावर कधी पडली नसतील. खुर्च्या भरल्या, भिंतीकडेच्या जागा भरल्या, दारात माणसे दाटली. केशकर्तनवाला रेडिओ काखोटीला मारूनच आला होता. हेडबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि वर्ग सुरू करावा तशा नजरेने त्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिले.

वेळ टळल्याचे अधिकाऱ्यांनी सांगताच सभागृहात एकच गलका उठला. कुणी म्हणाले, आत्ताच तर दहा वाजले. कुणी म्हणाले, ताई खोटे कशाला सांगतील. इस्त्रीवालीने बजावले, की तिने टपरीला कुलूप लावले आहे आणि ते ती बोलल्याशिवाय उघडणार नाही. अधिकाऱ्यांनी हात वर केला आणि मामांकडे वळून, शेवटचा उपाय म्हणून, ते म्हणाले, “तुम्ही घड्याळजी आहात. तुम्हीच सांगा यांना, किती वाजले ते.”

उत्तर काय येणार हे गावाला ठाऊक होते. या एका बाबतीत मामा सख्ख्या भावालाही सवलत देणारे नव्हते. मामींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

मामा सावकाश उठले.

“साहेब, सुनावणीची सूचना कुठे लावली होती?”

“लावली नव्हती. प्रसारित केली होती.”

“कुठून?”

“केंद्रावरून.”

“फक्त केंद्रावरून?”

“नियम तसाच आहे.”

“मग दहाला या, असं या लोकांना केंद्रानं सांगितलं. ज्यानं बोलावलं, त्याच्याच घड्याळात ते आले. आणि आता मला एक सांगा. ऐकणारं कुणी नाही, असं तुमच्या कागदात आहे. मग ही एवढी माणसं कुणी बोलावली? आणि सगळी मिळून सात मिनिटं उशिरा, एका दमात, कशी आली? ही सात मिनिटं मी आयुष्यभर मोजतोय, साहेब. जगात दुसरीकडे कुठे मिळायची नाहीत. ज्यांच्याकडे ती आहेत, ते सगळे ऐकतात. मोजा.”

कुणी टाळी वाजवली नाही. कारकुनाने मात्र खुर्च्यांकडे पाहिले, आणि त्याचे ओठ नकळत मोजू लागले.

“बरं,” अधिकारी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता गेली होती, पण सभ्यता शाबूत होती. “सुनावणी सुरू झाल्याची वेळ मला लिहावी लागेल. काय लिहू?”

मामांनी मनगट वर केले. सगळ्या गावादेखत त्यांनी घड्याळाची चावी ओढली, मोठा काटा मागे फिरवला आणि चावी परत आत दाबली. एवढ्या कामाला त्यांना कधी इतका वेळ लागला नव्हता.

“दहा,” ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी आधीचा मजकूर खोडला. हरकती ऐकता ऐकता दुपार झाली. बेकरीवाला पिठावर बोलला. हेडबाई आपल्या एकटेपणावर बोलल्या, आणि त्या बोलत असताना केशकर्तनवाल्याने काखेतला रेडिओ खुर्चीवर ठेवून दिला. इस्त्रीवालीने अधिकाऱ्यांना आपल्या टपरीत येऊन मोजायचे आमंत्रण दिले. ज्याला बोलता येत नव्हते तो उभा राहून नुसता “माझीही” म्हणाला, आणि तेही लिहून घ्यावे लागले.

निर्णय महिन्याभराने आला. केंद्र तूर्त बंद करण्यात येणार नाही. बातमी ताईंनीच वाचली. गावाने आनंद केला. मामांनी ‘तूर्त’ हा शब्द धरून ठेवला आणि वरिष्ठांना त्याच दिवशी विचारले, की तूर्त म्हणजे किती. उत्तर येईपर्यंत दर महिन्याला विचारायचे, असे त्यांनी ठरवले. लिहायची सवय होतीच.

दुसऱ्या दिवशी बातम्या संपल्या. दुकानातली सगळी घड्याळे एकच वेळ दाखवत होती, मामांच्या मनगटावरचे तेवढे सोडून. त्यांनी फोन उचलला.

“ताई, तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे.”

पलीकडे पेन कागदावर फिरल्याचा आवाज आला.

“नोंद घेतली, मामा,” ताई म्हणाल्या. “उद्या परत करा.”

“करणारच,” मामा म्हणाले.