पुढची थापी

"हे बघ, इथून गळायलंय." आप्पारावांनी काठीचं टोक छताला टेकवलं. ओला चुना काठीला चिकटून आला. "कमल यायलीय आखाडात बाळंतपणाला. ह्या खोलीत लेकीला निजवू, का बेडकं पाळू?"

"व्हय," बाणूबाई म्हणाली.

बाणूबाई हल्ली बहुतेक सगळ्याला व्हयच म्हणत असे. तिची सून म्हाळसा लगबगीने पुढे झाली. "आत्याबाई म्हणायल्यात, जुना कोबा उकलून नवा घालू, मालक." आत्याबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या.

आप्पाराव दुबलगुंडीतले मोठे व्यापारी. बीदरला एका अंमलदाराच्या बंगल्यावर त्यांनी गच्चीतला हौद आणि खाली नळ पाहिला, आणि घरी येऊन तसाच हौद बांधला. नळ फिरवला की पाणी पडे. ते पाणी आधी दोन गडी घागरींनी वर नेऊन ओतत, हे मात्र ते पाहुण्यांना सांगत नसत. हौदाच्या तळाचा कोबा गेल्या उन्हाळ्यात बाणूबाईच्याच बायकांनी घातला होता. आता तो एका कोपऱ्यातून झिरपत होता आणि नेमकी बाळंतिणीची खोली त्याच्याखाली होती.

"ह्या खेपेला गळला तर हैदराबादहून सिमेंट मागवतो," आप्पाराव म्हणाले. "मग तुझ्या बायकांना कोण बोलवतंय बघू."

हे बाणूबाईला त्यांच्या तोंडावरून कळलं.

कोबा घालणं हे बसून करायचं काम आहे, पण बसल्याने ते सोपं होत नाही. चुना, विटांचा चुरा आणि वाळू कालवून पसरायची. मग बायकांनी ओळीने उकिडवं बसून, गुळाचं पाणी शिंपडत, लाकडी थापीने ते बडवत राहायचं. कच्चा कोबा मऊ वाजतो. आतून घट्ट झाला की थापी खणखणते. कोपऱ्या-कोपऱ्यातून सारखा आवाज आला की ओळीतली पुढची बाई 'पुरे' म्हणते. तिच्याआधी कुणी पुरे म्हणायचं नाही, आणि ती म्हणाल्यावर कुणी थापी चालवायची नाही, अशी रीत. बाणूबाई तरुणपणी पुढची झाली ती अजून पुढचीच होती. पार मंठाळपर्यंत लोक तिच्या एका 'पुरे'वर गच्चीखाली धान्य भरून ठेवत.

जन्मभर थापीपाशी बसून तिचे कान गेले होते. ओळीतल्या प्रत्येकीला ते ठाऊक होतं आणि एकीनेही बोलून दाखवलं नव्हतं. गेल्या साली ती पुरे म्हणाली तेव्हा हौदाचा कोपरा अजून मऊ वाजत होता. म्हाळसाने तो ऐकला होता. पण सासूचं पुरे सुनेने खोडायचं म्हणजे काय? तिने सगळ्यांसारखी थापी खाली ठेवली, आणि पावसाळा संपायच्या आत आप्पारावांच्या छताला पोपडे आले.

जुना कोबा उकलला, नवा पसरला. बायका हौदात उतरून बडवू लागल्या. गाणं बाणूबाईच सांगे. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते भलत्याच उंच पट्टीत जाई, आणि बायका बिनतक्रार तिच्यामागे तिथवर चढत. शेवटच्या दिवशी उन्हं कलली तेव्हा कोबा आरशासारखा चकाकू लागला होता. बाणूबाईने त्यावरून नजर फिरवली.

"पुरे."

थाप्या थांबल्या. कोपऱ्यातली म्हाळसाची तेवढी चालू राहिली.

"म्हाळसे, अक्का पुरे म्हणल्या की," शेजारची यल्लम्मा हळूच म्हणाली.

"ऐकलंय मी."

"मग कामून बडवायलीस?"

"मऊ वाजायलाय."

यल्लम्मालाही ते ऐकू येत होतं. ती हौदाच्या भिंतीकडे बघत बसली.

बाणूबाईला सुनेचा हलता हात दिसला. ती उठून जवळ आली. "म्हाळसे, मी पुरे म्हणले."

म्हाळसाने वर पाहिलं नाही. "न्हाई झालं, आत्याबाई," ती मोठ्याने म्हणाली, सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. सगळ्या बायकांसमोर आजवर कुणी बाणूबाईशी इतक्या मोठ्याने बोललं नव्हतं.

बाणूबाईला संताप आला, आणि संतापाहून जास्त भीती वाटली. थापी कशी धरायची हेसुद्धा या पोरीला तिनेच शिकवलं होतं. हातातून ती हिसकावून घेतली असती तर कुणी अडवलं नसतं. तिने कोपऱ्याकडे पाहिलं. कोबा तिथेही तसाच चकाकत होता. मग तिने सुनेकडे पाहिलं. म्हाळसाचा हात थांबत नव्हता.

"तर मग बडव," बाणूबाई म्हणाली.

आपली थापी उचलून ती ओळीच्या शेवटी गेली, नवीन बाईला बसवतात तिथे. यल्लम्माने सरकून जागा दिली. म्हाळसाने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती रडली असती आणि कोबा वाळून गेला असता. ती पुढे सरकली, तिने पाणी शिंपडलं आणि ठेका धरला, तशा बाकीच्यांच्याही थाप्या चालू झाल्या. गाणं कुणी सांगितलं नाही. बाणूबाई यल्लम्माच्या हाताकडे बघत त्या ठेक्यावर बडवत राहिली.

अंधारून येता येता कोपरा खणखणला. म्हाळसाने आणखी दोनदा थापी मारून पाहिली, कान दिला.

"पुरे," ती म्हणाली.

बायकांनी थाप्या ठेवल्या. बाणूबाईची मान खाली होती. तिची थापी एकटीच चालली होती, अगदी ठेक्यात. यल्लम्माने तिच्या कोपराला लावायला हात पुढे केला, तशी म्हाळसाने नको म्हणून मान हलवली. ती पुन्हा उकिडवी बसली आणि तिने थापी उचलली. यल्लम्माने उचलली. मग एकेक करत सगळ्यांनी.

खालून आप्पारावांनी झालं का म्हणून विचारलं. वर थाप्या चालूच राहिल्या.

बऱ्याच वेळाने बाणूबाईने मान वर केली, थापी बाजूला ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. तेव्हा सगळ्या थांबल्या.