ऑर्लीना मावशीच्या नावाचा कायदा

ऑर्लीना मावशी संडासात बसलेली असताना अमेरिकेचं सरकार तिच्या अंगावर आलं. अक्षरशः. केंटकीच्या आमच्या डोंगरात नवा रस्ता होत होता. खडीचा सरकारी ट्रक चढावर लावून ड्रायव्हर जेवायला गेला. ब्रेक लागत नव्हता आणि चाकाखाली दगड द्यायचं त्याला सुचलं नाही. ट्रक निघाला तो कोबीचे वाफे तुडवत थेट मावशीच्या परसातल्या लाकडी खोपटावर. खोपट ओढ्यात गेलं, आणि मावशी खोपटासकट.

आम्ही शेजारीपाजारी धावलो, फळ्या उपसून तिला बाहेर काढलं. खुबा मोडला होता, पण तोंड शाबूत होतं. पहिली शिवी ड्रायव्हरला, दुसरी मला, कारण मी डोळे मिटून घेतले होते.

"एल्झी, गाढवा, लाजतोस कसला? उचल!"

हाड जुळलं, पण वाकडं. एक पाय आखूड झाला. मावशी आमच्या भागातली सुईण. खेचरावर बसून डोंगरापलीकडं जायची, निम्मा गाव तिच्याच हातावर जन्मलेला, मीसुद्धा. आता खेचरावर चढणंच होईना. बायका दुसऱ्या सुईणीकडं जाऊ लागल्या आणि मावशी ओसरीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा उद्धार करू लागली.

मी तिला तालुक्याच्या गावी बेगली वकिलाकडं नेलं.

"सरकारवर दावा लावता येत नाही, मावशी," बेगली म्हणाला. "सरकारनं स्वतः हो म्हटल्याशिवाय नाही."

"म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, तुला धरू का?"

"तसंच म्हणा. एकच वाट आहे. वॉशिंग्टनला काँग्रेसनं खास तुमच्या एकटीसाठी कायदा करायचा. दोन्ही सभागृहांची मंजुरी, वर राष्ट्राध्यक्षांची सही."

"माझ्या खुब्यावर राष्ट्राध्यक्षाची सही?"

"कागदावर, मावशी."

आमच्या भागाच्या खासदारानं विधेयक मांडलं. असल्या सगळ्या विधेयकांचं नाव एकाच साच्याचं असतं, आणि भरपाईला तिथं 'मोकळीक' म्हणतात. हिचं होतं, 'ऑर्लीना स्टॅम्पर हिला मोकळीक मिळावी म्हणून'.

"त्यासाठीच तर संडासात गेले होते मी!" मावशी म्हणाली. बेगलीच्या हातातली कॉफी सांडली.

पण गाडं अडलं. ही विधेयकं एका ठरलेल्या दिवशी भराभर वाचतात, आणि एकानं जरी 'हरकत' म्हटलं तरी ते विधेयक त्या दिवसापुरतं बारगळतं. थॅडियस ऑल्कट नावाचा उत्तरेकडचा एक खासदार हरकत घेण्यासाठीच तिथं बसायचा. सरकारी तिजोरी म्हणजे जणू त्याच्या आईची पेटी. मावशीचं नाव येताच तो उठला आणि म्हणाला, "ट्रकचा आवाज आला असणारच. मग बाई उठून बाहेर का नाही आली?" सभागृह खो खो हसलं. ऑल्कट म्हणाला, "हरकत." झालं.

मावशीला हे कळलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. भांडं बाजूला सारून म्हणाली, "प्रश्न विचारलाय ना त्यानं? मग उत्तर द्यायला नको? एल्झी, गाडी काढ."

माझी फोर्ड वाटेत दोनदा रुसली, पण वॉशिंग्टनला ऑल्कटच्या कचेरीत पोचलो. ऑल्कट वाळक्या लाकडासारखा माणूस, गळ्याला कडक कॉलर. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही. मावशी बसली.

"ट्रकचा आवाज आला होता," ती म्हणाली. "पण साहेब, तुम्ही कधी अर्ध्यात उठला आहात का?"

कोपऱ्यातल्या टायपिस्ट बाईला जोराचा ठसका लागला. ऑल्कट कानापर्यंत लाल झाला.

"बाई, आज तुम्हाला दिलं तर उद्या देशभरातून लोक येतील."

"येऊ देत की. तुमचे ट्रक देशभर धावतात ना?"

मावशी काठी टेकून उठली. "बायकांची जागा कुठंय इथं? लांबचा प्रवास झालाय." जागा होती मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दारातच गुळगुळीत संगमरवरावर काठी सटकली आणि मावशीनं हात धरला तो माझा नाही, ऑल्कटचा. मी जवळ होतो. मुद्दाम केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही.

सोडवायची सोय नव्हती. सोडली असती तर ती पडली असती. निघाली वरात. वाटेत एक खासदार थबकला. "ऑल्कट, कुठं दौरा?"

"मला मोकळीक द्यायला नेतायत!" मावशी खणखणीत आवाजात म्हणाली.

हशा मजलाभर घुमला. ऑल्कट बायकांच्या दाराबाहेर मावशीची पिशवी धरून उभा राहिला, भिंतीकडं तोंड करून. परतताना मात्र तो हळू चालत होता. तिच्या पायाकडं बघत होता.

"रोज असंच चालता?" त्यानं विचारलं.

"छे. आज सपाटी आहे."

खोलीत आल्यावर त्यानं स्वतः खुर्ची पुढं ओढून दिली.

पुढच्या वाचनाला मी वरच्या सज्ज्यात बसलो होतो. 'ऑर्लीना स्टॅम्पर' असं पुकारलं तेव्हा ऑल्कटसाहेब खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. बराच वेळ बांधत होते. विधेयक पास झालं, पुढं दुसऱ्या सभागृहातून गेलं आणि राष्ट्राध्यक्षांची सहीही झाली. समितीनं मागणी निम्म्यावर आणली होती. "निम्मा खुबा मोडला असं धरलं वाटतं," मावशी म्हणाली. वकिलाला दहा टक्क्यांहून जास्त फी घेता येणार नाही, हेही कायद्यातच होतं. ते वाचून बेगली दोन दिवस आजारी पडला.

पैसे आल्यावर मला वाटलं, मावशी छप्पर दुरुस्त करेल. तिनं मला समुद्र बघायला न्यायला सांगितलं. जन्मात पाहिला नव्हता.

व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वाळूत तिचा पाय रुतत होता. मी धरून धरून पाण्याजवळ नेलं. ती ओल्या वाळूतच बसली. एक लाट आली, स्कर्ट भिजला. मला वाटलं, आता समुद्राची खैर नाही. पण तिला रडू फुटलं. खुबा मोडला तेव्हाही रडली नव्हती ती.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही रे. डोंगरापलीकडच्या मेबलच्या सुनेचे दिवस भरलेत. पोर आडवं आहे, त्या दुसरीला नाही जमायचं ते." तिनं नाक पुसलं. "मला चढवेल कुणी तिथवर?"

"मी पाठीवर घेईन."

"तू? डोळे मिटशील आणि दोघंही दरीत जाऊ." तिनं हात पुढं केला. "उठव. निघू या."